पावसातली मोटर

"बंद कर ती मोटर. बंद कर म्हणते ना, मुडद्या. वरनं फुकट पडतंय आन् तू हिरीतलं उपसतोयस व्हय?"

अनसाकाकी ओरडत होत्या, आणि ज्याच्यावर ओरडत होत्या तो माणूस समुद्र ओलांडून आला होता. उरी त्याचं नाव. इस्राएलच्या वाळवंटात टोमॅटो पिकवणारा शेतीतज्ज्ञ. ताडमाड, अर्ध्या चड्डीतला, उकडलेल्या रताळ्यासारखा लालबुंद. मोटरच्या स्टार्टरला पाठ लावून, दोन्ही हात पसरून तो असा उभा होता, जणू त्या पेटीत त्याची म्हातारी आई बसली आहे. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. अवकाळी आभाळ आलं होतं आणि चाळणीतून पीठ गळावं तसा भुरभुर पाऊस पडत होता.

मी एका शेती-संस्थेच्या जीपचा ड्रायव्हर. उरीसाहेबाला बारामतीहून काकींच्या रानात आणायचं आणि दिवस मावळायच्या आत परत न्यायचं, हे माझं काम. त्या दोघांच्या मध्ये पडणं माझ्या कामात बसत नव्हतं, म्हणून मी जीपमध्येच बसून होतो आणि काच वर घेतली होती. तरी सगळं ऐकू येत होतं. पार बावड्याच्या बाजारातही ऐकू गेलं असेल.

"नो," उरी म्हणत होता. "बारिश, पानी चालू. बारिश, पानी चालू."

"ह्याला कुणीतरी डागदरकडं न्या," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला खांद्याचा असा रेटा दिला की तो सहा फुटी माणूस फिरकीसारखा फिरून बांधावर जाऊन बसला. काकींनी बटण दाबलं. मोटर कण्हत थांबली. उरीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. ती भाषा मला येत नाही, पण बाप गेल्यावर माणूस त्याच आवाजात बोलतो.

आता यात काकींचं चुकलं असं कुणी घाईनं म्हणू नये. अंथुर्ण्याच्या पुढं, कालव्याचं पाणी जिथं चढत नाही त्या वरच्या अंगाचा आमचा पट्टा जिरायती. तिथं पाऊस आला की माणूस आधी मोटर बंद करायला पळतो. बाई अंगावरचं लेकरू खाली ठेवून पळते. अक्षता पडायच्या वेळी नवरदेव पळालेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. नवरीही त्याच्या मागं पळाली, कारण मोटर तिच्या बापाची होती. आणि पावसात दुसऱ्या कुणाची मोटर चालू दिसली, तर वाटेनं जाणाऱ्यानं थांबून हाक मारायची, हा रिवाज. समोरचा हाडवैरी असला तरी हाक मारायची. पाण्यापुढं वैर धरत नाहीत आमच्याकडं.

तर अशा मुलखात एक परदेशी माणूस सांगत होता की पाऊस आला की मोटर लाव.

अनसाकाकींचा आवाज ही त्यांची पहिली ओळख. त्या रानातून घरी हाक मारायच्या तेव्हा फाट्यावर एसटीचा ड्रायव्हर ब्रेक मारायचा, त्याला वाटायचं कुणी गाडीखाली आलं. त्यांच्या रानात बुजगावणं नव्हतं. गरजच नव्हती; एकदा त्या राघूंवर ओरडल्या आणि ते राघू सोलापूर जिल्ह्यात गेले ते परत आले नाहीत. देहानं म्हणाल तर मूठभर. पदर कमरेला खोचलेला, दंडावर गोंदलेलं आणि पायात मालकांचे जुने बूट. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, दौंडला रेल्वेत होते. ते महिन्यातून एकदा घरी यायचे आणि शेवटी ज्यानं सांगितलं त्याचं ऐकायचे. म्हणून काकी त्यांना गाडीत बसवायला स्वतः जायच्या. शेवटचं बोलणं आपलं असावं म्हणून.

दुसरी ओळख त्यांच्या एका वाक्याची. "मला कुणी इचारलंय?" हे वाक्य त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की त्यांच्या शेळीलाही ते पाठ असावं. शेजारणीनं मुलगी कुठं दिली, मला कुणी इचारलंय? सरकारनं डांबर कुठं टाकलं, मला कुणी इचारलंय? आणि एवढं म्हणून झालं की मग त्या कुणी न विचारता सविस्तर मत द्यायच्या.

जमीन मिळाली तीही याच वाक्यावर. बारामतीच्या आमच्या संस्थेनं आणि उरीच्या देशातल्या लोकांनी मिळून ठरवलं होतं की खाऱ्या पाण्यावर, वाळवंटात करतात तशी शेती इथं करून दाखवायची. त्यासाठी कुणाचं तरी रान हवं होतं. गावच्या शाळेत बैठक भरली. ज्यांची विहीर गोडी, ते म्हणाले आमचं कशाला बिघडवता. ज्यांची मचूळ, ते म्हणाले आमचं आधीच बिघडलंय. उरी खुर्चीवर बसून हसऱ्या तोंडानं सगळ्यांकडं पाहत होता, कारण त्याला कळत काहीच नव्हतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माझं घ्या."

सगळी शाळा मागं वळली. काकींचे थोरले दीर, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं, पुढच्याच बाकावर बसले होते. पांढरी टोपी, बारीक मिशी, बोलणं असं हळू की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागावं.

"तुला कुणी इचारलंय?" आबा म्हणाले.

"मला कवा कुणी इचारलंय, आबा? म्हणून तर सांगती."

ते रान म्हणजे जुन्या वतनाचं, गावानं एकेकाळी त्यांच्या वाडवडलांना दिलेलं, म्हणजे जे कुणाला नको होतं ते. वरच्या अंगाला मुरूम, खालच्या अंगाला चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी चिकट माती, मधोमध एक विहीर. त्या विहिरीच्या पाण्याला गुरं तोंड लावायची आणि मग मालकाच्या तोंडाकडं पाहायची. पण त्या मुरमाला आता गिऱ्हाईक आलं होतं. बारामती एमआयडीसीत नवे रस्ते होत होते, भराव पडत होते. एक मुरूमवाला आबांच्या ओसरीवर चहा पिऊन गेला होता. रान दोघा भावांच्या नावावर, तेव्हा दोघांच्या सह्या लागणार होत्या. आबांची तयार होती. मालकांची म्हणजे दौंडला निघताना त्यांच्याशी शेवटी कोण बोलतं त्यावर.

एकदा मुरूम उचलला की रानाचा खड्डा होतो, आणि खड्डा कुणी परत रान करून दिल्याचं मी माझ्या थापांमध्येसुद्धा कधी सांगितलेलं नाही.

त्या बैठकीत, सगळ्या गावासमोर, ठरलं ते एवढंच. टोमॅटोचं एक पीक. ते आलं तर रान राहील. नाही आलं तर काकी स्वतः दौंडला जाऊन मालकांची सही आणून देतील.

"शब्द?" आबांनी विचारलं.

"शब्द," काकी म्हणाल्या. शाळेच्या कौलावरची धूळ खाली आली.

दिवाळीनंतर काळ्या नळ्या अंथरल्या, रोपं लागली आणि काकी व उरी यांचं भांडण सुरू झालं. दुभाषा मी. माझं इंग्रजी त्या जीपच्या गिअरसारखं, पहिला आणि रिव्हर्स एवढेच नीट पडायचे. पण थोड्याच दिवसांत त्यांनी मला बाजूला केलं. काकी गावरान मराठीत भांडायच्या, तो त्याच्या भाषेत भांडायचा, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. भांडणाचं कारण थेंब. काकींनी जन्मभर दंडानं, म्हणजे मातीच्या पाटानं पाणी दिलेलं. खोरं मारलं, पाणी वळवलं, ते वाफ्यात चमकत धावलं की पाणी दिल्यासारखं वाटायचं. इथं नळीच्या भोकातून थेंब यायचा. थांबायचा. विचार करायचा. मग पडायचा.

"हे पाणी देणं न्हाय," काकी म्हणाल्या. "हे रडणं हाय."

त्या दिवसापासून ठिबकाला त्या रडकं पाणी म्हणायला लागल्या. दुपारी ओळीत आडव्या पडून, कान मातीला लावून, थेंब खरंच पडतोय का ते ऐकायच्या. उरीला त्यांनी उऱ्या केलं. त्याला पहिल्यांदा भाकरीबरोबर ठेचा वाढला, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून ठिबकच्या चौपट वेगानं पाणी आलं. काकी शांतपणे म्हणाल्या, "रडला की बरा दिसतो." आणि त्यांनी त्याला आणखी वाढला. त्यानंही खाल्ला. मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी त्याच्या कानांतून धूर निघताना मी पाहिला. पण ताटात काही टाकलं नाही गड्यानं. तिथं काकींनी त्याला अर्धा पास केला.

रोपं वाढली. फुलं आली. कुणाला दिसू नये म्हणून काकी फुलांकडं पाहायच्याही चोरून. आणि मग संक्रांतीनंतरचा तो भुरभुर पाऊस आला, आणि त्यांनी मोटर बंद केली.

आठवडा भरला नाही तोच खालच्या अंगाच्या ओळींची पानं कडेनं करपली. कुणी प्रत्येक पानाला उदबत्ती लावून फिरल्यासारखी. वरच्या अंगाला जमीन मुरमाड, निचऱ्याची, तिथली रोपं जेमतेम तगली. काकी ओळीतून फिरत होत्या आणि गप्प होत्या. त्या गप्प झाल्या की रान परकं वाटायचं. बांधावर आबा येऊन उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली आणि निघून गेले. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस तिरडीच्या सामानाचा अंदाज घेऊन जातो ना, तसे.

उरी ओरडला नाही. त्यानं मला जीपमधून खाली बोलावलं आणि काकींसमोर पाठमोरा उभा केला. माझ्या खाकी शर्टाच्या पाठीवर घाम येऊन वाळलेला होता, आणि डागाच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. मिठाची. उरीनं त्या रेघेवर बोट फिरवलं आणि काकींना जिभेला लावायला सांगितलं.

"ह्याच्या घामाचं मी चाटू?" काकी म्हणाल्या.

मग त्यांनी एका रोपाच्या बुडाशी वाकून पाहिलं. ठिबकाचा ओला गोल, आणि त्या गोलाच्या कडेला तशीच पांढरी रेघ. ती त्यांनी चिमटीनं उचलली, जिभेला लावली, आणि थुंकल्या.

उरीनं बाटलीतून माझ्या पाठीवर चार थेंब शिंपडले. पांढरी रेघ विरघळून डागाच्या आत सरकली.  मग त्यानं रोपाकडं बोट दाखवलं. मला तेव्हा समजलं, काकींना माझ्या आधी समजलं. खारं पाणी थेंबाथेंबानं पडतं, तेव्हा ओल मीठ ढकलत ढकलत कडेला नेते. मुळं मध्ये सुखानं राहतात. पण वरून थोडका पाऊस आला की कडेचं मीठ विरघळून परत मुळांवर चालून येतं. त्या वेळी आतून थेंब चालू असेल तर तो मिठाला बाहेर थोपवून धरतो. मोठा पाऊस आला तर भीती नाही, तो सगळं खोल वाहून नेतो. भीती भुरभुरीची.

काकींनी ती पांढरी रेघ बोटानं गोलाच्या बाहेर ढकलली.

"म्हंजी दार आतनं रेटून धरायचं," त्या म्हणाल्या. "भाईरनं वळू धडका देतोय तवर."

मी ते उरीला कसंबसं सांगितलं. त्यानं पुन्हा पुन्हा मान हलवली.

"मंग हे आधी का न्हाय सांगितलंस रं?" काकी कडाडल्या आणि रान पुन्हा आपलं झालं. त्यानं सांगितलं होतं. हात पसरून, पावसात उभं राहून सांगितलं होतं. पण ते बोलून दाखवायची हिंमत आमच्या दोघांतही नव्हती.

काकींनी खालच्या ओळी उपटल्या नाहीत. रोज ठरल्यापेक्षा थोडं जास्त रडकं पाणी दिलं. रोपं हळूहळू सावरली, कोवळे शेंडे फुटले. वरच्या अंगाला फळं धरली, हिरवीगार, गोट्यांएवढी. आणि उरीला त्याच्या राहण्याच्या परवानगीच्या कामासाठी दिल्लीला जावं लागलं.

तो गेला आणि आभाळ आलं.

मी त्या दिवशी बारामतीहून खताच्या गोण्या घेऊन आलो होतो. दुपार कलली होती. उतरवून घ्यायला काकी आल्या, आणि पहिली गोणी खाली ठेवली तेव्हाच माझ्या हातावर थेंब पडला. बारीक. अगदी तसाच, पिठासारखा. काकींनी वर पाहिलं. मग पळाल्या. आमच्या पट्ट्यात पावसात बायका पळतात तशाच, त्याच वाटेनं, त्याच स्टार्टरकडं. त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. वीज गेलेली होती.

आसपास इंजिन एकच. डिझेलचं, चाकांवरचं. आबांचं.

काकींनी स्टार्टरवरचा हात काढला. मग वळल्या आणि चालायला लागल्या. मी जीप घेऊन मागं गेलो, कारण त्या एकट्या गेल्या तर परतताना पोलिसांची गाडी लागेल असं मला वाटलं. ओसरीवर आबा बाजेवर बसले होते. समोर मुरूमवाला, हातात बशी. दारावरचा निळा झेंडा पावसानं भिजून काठीला चिकटला होता. मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो.

काकी पायरीखाली थांबल्या.

"आबा," त्या म्हणाल्या, "इंजिन पायजे."

आवाज असा, की मलाच पुढं वाकावं लागलं. इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. आबांनीही ऐकला नसावा. ते बाजेवरून अर्धे उठले.

"कशाला?"

"रानाला पाणी द्यायचंय."

आबांनी ओसरीच्या बाहेर हात काढला. तळहातावर पाऊस पडू दिला. मुरूमवाल्याला दाखवला. मग त्यांच्या मिशीखाली हळूहळू जे काही उगवलं, त्याला हसू म्हणणं हा हसण्याचा अपमान होईल. त्यांनी हिशोब केला तो मला स्पष्ट दिसला. बाई भर पावसात पिकाला पाणी देणार. गाव बघणार. पीक तर मरणारच, वर बाईचं डोकं फिरल्याचीही सगळ्या गावाची साक्ष.

"ने की," आबा म्हणाले. "डिझेलबी माझंच घे. आमी येतो बघायला."

इंजिन मी जीपला दोरानं बांधून ओढत नेलं. संस्थेला कळलं असतं तर मला त्याच दोरानं बांधून ओढलं असतं. विहिरीवर ते लावलं, आबांच्या गड्यानं हँडल मारलं आणि धडधड सुरू झाली. त्या आवाजासरशी गाव आलं. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, छत्र्या घेऊन, एकजण तर लग्नातलं ताट डोक्यावर धरून. आणि रिवाज तो रिवाज. प्रत्येकजण बांधावर आला की आधी हाक मारायचा.

"काकी, इंजिन चालू राह्यलंय."

"अनसे, पाऊस पडतोय की गं."

"आगं, बंद कर, हिरीचा तळ लागंल."

 काकी ओळीत बसून बोटानं माती चाचपत होत्या. बांधावरून आबा सगळ्यांना हळू आवाजात सांगत होते, "माझ्या भावाची बायको. काय करायचं आता. नशीब." आणि मुरूमवाला कळवळल्यासारखी मान हलवत होता.

पण गावापेक्षा मोठी भीती विहिरीची होती. त्या विहिरीत रात्रभर जे पाझरेल तेवढंच पाणी. आतल्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडायला लागल्या. पाऊस थांबेना आणि वाढेना. थांबला असता तरी बरं, वाढला असता तरी बरं. तो आपला भुरभुरतच होता, मिठाला आत यायची वाट दाखवत. मी विहिरीत वाकून पाहिलं आणि काकींना हाक मारली, "काकी, सगळ्याला पुरत न्हाय."

त्या उठल्या. विहिरीपाशी आल्या, पाणी पाहिलं. मग रानाच्या मधोमध गेल्या, जिथं वरच्या आणि खालच्या अंगाच्या नळ्या वेगळ्या होत होत्या. तिथं दोन कॉक होते. खालच्या अंगाची रोपं इतके दिवस त्यांनी तान्ह्या लेकरासारखी जपली होती. कोवळे शेंडे पावसात लकाकत होते. काकींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि खालचा कॉक फिरवून बंद केला. सगळं पाणी वरच्या अंगाला, जिथं फळं धरली होती.

बांधावर कुणीतरी हसलं. दुसऱ्या कुणी हसलं नाही. काकींचा चेहरा बघून आवाज बंद झाला असावा.

इंजिन चालत राहिलं. पाऊस पडत राहिला. मग पाइपानं हवा घेतली, इंजिन खोकलं, पुन्हा धरलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं. विहिरीत चिखल होता. एकदम एवढी शांतता झाली की पोत्यांवर पडणारा पाऊस ऐकू यायला लागला. अजून पडतच होता. काकी हात खाली सोडून उभ्या होत्या. वळू धडका देतोय आणि दारामागचं माणूस बसलंय, असं मला वाटलं. कुणी घरी जाईना. आबासुद्धा.

आणि मग पावसाचा जोर, म्हणजे नसलेला जोर, कमी होत होत गेला. पश्चिमेला अंथुर्ण्याच्या बाजूला आभाळ फाटलं आणि उन्हाची एक तिरीप ओळींवर पडली. गाव पांगलं. कुणाला काही कळलं नव्हतं. कळायला दिवस जायचे होते.

ते दिवस मी रोज काहीतरी निमित्त काढून जीप घेऊन जायचो. आबा माझ्या आधी तिथं असायचे. काकी चहा करून द्यायच्या आणि कुणाशी बोलायच्या नाहीत. सगळ्या वस्तीला कसंतरी व्हायचं. कोंबड्यांनी म्हणे अंडी देणं थांबवलं. मग एका सकाळी खालच्या अंगाची पानं कडेनं करपली. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं मान टाकून होती.

वरच्या अंगाला एक पान करपलं नाही.

एकच रान, एकच पाऊस. मधोमध त्या दोन कॉकपासून सरळ रेघ गेलेली, सुरीनं भाकरी कापल्यासारखी. इकडं तपकिरी, तिकडं हिरवं. आबा त्या रेघेवर आले. एक पाय इकडं, एक पाय तिकडं ठेवून उभे राहिले. मुरूमवाला मागून म्हणाला, "अर्धं तर गेलंच की, आबा. आता सहीचं बघायचं ना?"

आबांनी वाकून वरच्या अंगाचं एक पान बोटांत धरलं.

"टोमॅटो पिकू दे आधी," ते म्हणाले.

पिकले. खाऱ्या पाण्यावरचे म्हणून लहान, पण असे गोड की बावड्याच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं भांडण काढलं, यात साखरेची सुई टोचलीय म्हणून. काकींनी त्याला जे उत्तर दिलं त्यानं बाजारातली बकरी दावं तोडून पळाली. पीक अर्धंच आलं होतं, आणि अर्ध्याला पीक म्हणायचं का, यावर गावात वाद झाला. निकाल आबांनीच दिला. ओसरीवर बसून टोमॅटो मीठ न लावता खात खात ते म्हणाले, "आलं न्हवं? मंग." मुरूमवाल्यानं दुसरं रान पाहिलं. आबांनी इंजिन परत नेलं, आणि जाताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती काळी नळी कुठं मिळती गं?"

उरी दिल्लीहून आला तेव्हा काकी त्याच्यावर इतक्या ओरडल्या, इतक्या ओरडल्या, की मी जीपची काच वर घेतली तर ती तडकली. नको तेव्हा मेला गायब होतो, हा मुद्दा. तो ऐकून घेत होता. मग काकी त्याला त्या रेघेपाशी घेऊन गेल्या. त्यानं दोन्ही कॉक पाहिले, एक उघडा, एक बंद. तो खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ठेचा आसपास कुठंही नव्हता. काकी त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "मला कुणी इचारलं न्हवतं. माझं मीच इंजिन लावलं."

पुढं तो त्याच्या देशी गेला. प्रयोग संपला, संस्थेनं जीप विकली. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीचा दुधाचा टँकर चालवत होतो. काकींच्या घशाचं पुण्याला ऑपरेशन झालं, असं ऐकलं होतं. डॉक्टरांनी आवाज चढवायचा नाही असं बजावलं होतं. मला ते खरं वाटलं नाही. नदीला वाहायचं नाही असं कोण सांगणार.

मग एकदा त्याच वाटेनं जाताना भुरभुर पाऊस लागला. मी टँकरची काच खाली घेतली आणि ऐकलं. सगळ्या वरच्या अंगाला, या रानात, त्या रानात, आबांच्या रानातसुद्धा, मोटरी चालू होत्या. पावसात. एखादा पाहुणा आला असता तर म्हणाला असता, हा अख्खा पट्टा वेडा झालाय.

काकी त्यांच्या रानात पत्र्याच्या छपराखाली बसल्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी, पायात मालकांचे बूट. मी हॉर्नवर हात ठेवणार, तेवढ्यात माझ्या पुढं एक मोटरसायकल थांबली. कुणी नवखा पोरगा, एमआयडीसीत कामाला निघालेला, अंगावर रेनकोट. आमचा रिवाज त्याच्याही घरात असणार. तो खाली उतरला, पुढं गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून जीव खाऊन ओरडला, "ओ आजी, पाऊस पडतोय. मोटर चालू राह्यलीय तुमची."

काकींनी मान वर केली. मी पुढं वाकलो.

"पाऊस हाय, म्हणूनच चालू हाय," त्या म्हणाल्या.